भट्टी निवेपर्यंत

मी एक जुना ताणदर्शक आहे. मित्रांनो, हे नाव तुमच्या कानावर कधी पडले नसेल, तर वाईट वाटून घेऊ नका. आमच्या शेजारच्या दुकानदाराला मी वीस वर्षे रेडिओ वाटत होतो. "तुमचा रेडिओ कधी लागत नाही हो," असे तो अधूनमधून म्हणत असे.

दिसायला मी एक लाकडी पेटी आहे. माझ्या पोटात एक दिवा आहे आणि दिव्यापुढे दुधी काच आहे. तिच्यापुढे एक करडी पारदर्शक पट्टी, मग दोन वीत मोकळी जागा आणि मग तशीच दुसरी पट्टी. खरी गंमत या पट्ट्यांची आहे. त्या एकमेकींशी काटकोनात बसवल्या आहेत. पहिली पट्टी प्रकाशाला एकाच दिशेने कंप पावू देते आणि त्या दिशेचा प्रकाश दुसरी पट्टी अडवून धरते. त्यामुळे माझा दिवा लावून आत डोकावले तर अंधार दिसतो! विकत घेणाऱ्याला हे समजावताना विक्रेत्याला घाम फुटत असे.

आता त्या मोकळ्या जागेत काचेचे भांडे धरा. काच आतून निवांत असेल तर अंधार तसाच राहतो. पण तिच्यात कुठे ताण असेल तर नेमक्या त्या जागी पांढरे पट्टे उजळतात. ताण फारच असेल तर त्यांच्या कडा पिवळसर, मग तांबूस होतात. नुसत्या डोळ्यांना यातले काही दिसत नाही. तिथे काच आपली स्वच्छ, चकचकीत दिसते.

माझा जन्म एका उपकरणांच्या कारखान्यात झाला. माझ्या पट्ट्या एका नवख्या मुलीने बसवल्या. "काटकोन चुकला तर हा आयुष्यभर खोटं बोलेल," असे तिच्या मुकादमबाईंनी तिला बजावले होते. तिने बिचारीने काटकोन तीनदा मोजला. त्या मुलीचे उपकार मी कधी विसरलो नाही.

तिथून मी एका काचकामाच्या दुकानात आलो. दुकान म्हणजे एक लांबट खोली होती. एका टोकाला ज्योतीचे टेबल, दुसऱ्या टोकाला कपाटाएवढी विजेची भट्टी, मध्ये फळीवर मी आणि माझ्यासमोर दोन स्टुले. तिथे एक कारागीर प्रयोगशाळांसाठी काचेचे चंबू आणि नळ्या बनवत असे. तो काच ज्योतीत फिरवी, फुंकर घाली आणि बघता बघता नळीचा गोल चंबू होई. तो चंबू तपासण्याचे काम त्याच्या बायकोचे होते. "मी फुंकणार, तू पारखणार," असे त्यांचे लग्नानंतर लगेच ठरले होते. तो तिला इन्स्पेक्टरबाई म्हणत असे.

या इन्स्पेक्टरबाईंनी मला खरे शिक्षण दिले. त्यांची जिज्ञासा भारी होती. चंबू तपासून झाले की त्या हाताला लागेल ते माझ्यात धरून बघत. चष्मा धरला, फणी धरली, एकदा प्लॅस्टिकची मोजपट्टी धरली. माझ्या अंधारात त्या मोजपट्टीतून नुसते इंद्रधनुष्य सांडले.

"अहो, इकडे या लवकर! बाहेरून एवढी सरळ, आणि आत बघा काय चाललंय!"

"तुझ्या भावासारखी," कारागीर ज्योतीवरून मान न उचलता म्हणाला.

"माझ्या भावाला मध्ये आणू नका. तुम्हाला धरलं असतं, पण तुम्ही मावत नाही."

काचेत ताण का येतो, हेही मला त्यांच्या बोलण्यातून समजले. गरम काच घाईने थंड झाली की तिचा बाहेरचा भाग आधी घट्ट होतो आणि आतला मागे राहतो. मग दोघांची ओढाताण सुरू होते आणि काच थंड झाली तरी ती आत तशीच राहते. म्हणून प्रत्येक चंबू भट्टीत ठेवायचा. भट्टी खूप तापवून तासभर तशीच ठेवायची, मग बंद करायची आणि हळूहळू निवू द्यायची. दुपारी एकला भट्टी बंद केली की संध्याकाळी सहापर्यंत दाराला हात लावायचा नाही, हा दुकानाचा कायदा होता.

त्या पाच तासांत दुसरे काम काढायचे नाही, हा इन्स्पेक्टरबाईंचा आणखी एक कायदा. ज्योतीकडे बघून नवऱ्याचे डोळे लाल होत. "भट्टी निवते तोवर डोळेही निवू द्या," असे त्या म्हणत. मग दोघे त्या दोन स्टुलांवर बसत. चहा होई, भांडण होई, आत ठेवलेला कोणता चंबू कुठे जाईल याच्या पैजा लागत. मला वाटे, एवढे बोलायला यांच्याजवळ रोज नवीन कुठून येते?

मग एका वर्षी इन्स्पेक्टरबाई आजारी पडल्या आणि नऊ दिवसांत गेल्या.

कारागीर तिसऱ्या आठवड्यात दुकानात परत आला. येणारे-जाणारे म्हणत, "कामात मन रमव." तो रमवू लागला. पूर्वीच्या दुप्पट चंबू तो फुंकू लागला. लोक म्हणत, "काय खंबीर माणूस आहे! डोळ्यांतून पाण्याचा थेंब काढला नाही." मलाही त्याचे कौतुक वाटले. काचेत काय चुकत होते, हे खरे तर मला कळायला हवे होते. पण माझा दिवाच कोणी लावत नव्हते. पारखणारी गेली होती आणि फुंकणाऱ्याला माझ्यात बघायची सवय नव्हती. माझ्यावर आधी एक फडके आले, फडक्यावर पक्कड आली, पकडीवर जुनी वर्तमानपत्रे आली.

पण मला ऐकू येत होते. भट्टीच्या दाराला कुरकुरण्याची सवय आहे. ते दार सहाला कुरकुरायचे, ते पाचला कुरकुरू लागले. मग चारला, मग तीनला. ते पाच तास कुठे चालले होते, ते मला समजेना.

तीन महिन्यांनी एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळाप्रमुख बाई आल्या. वर्षानुवर्षे त्या चंबू इथूनच नेत असत. त्यांनी टेबलावर एक रुमाल सोडला. आत काचेचे तुकडे खळखळले.

"दादा, हा चंबू कपाटात नुसता ठेवलेला होता. कुणी हातसुद्धा लावला नव्हता. आपोआप तडकला."

कारागिराने एक तुकडा उलटून ठेवला, त्याची किणकिण मी ऐकली.

"आणि मंगळवारी एक उकळताना फुटला. मुलगी थोडक्यात वाचली, बोटावरच निभावलं. तुमचे एकवीस चंबू आहेत माझ्याकडे, गाडीत ठेवलेत. पुढच्या सोमवारी मुलांची परीक्षा आहे. मला एवढंच सांगा, हे मी पोरांच्या हातात देऊ की नको?"

तो म्हणाला, "ठेवून जा, मॅडम. तपासतो."

त्या गेल्यावर माझ्या अंगावरचे ओझे निघाले. फडके निघाले आणि माझा दिवा लागला. मित्रांनो, तीन महिन्यांनी मी डोळे उघडले आणि पहिल्याच चंबूच्या गळ्याभोवती लख्ख पांढरा पट्टा पाहिला, कडा तांबूस झालेला. दुसऱ्यातही तेच. तिसऱ्यातही. एकविसावा खाली ठेवून तो हळूच म्हणाला, "सगळेच?"

यावर उपाय होता आणि तो त्याला पाठ होता. ताण असलेली काच टाकून द्यावी लागत नाही. ती पुन्हा भट्टीत ठेवायची, तापवायची आणि सावकाश निवू द्यायची. ओढाताण सुटते. त्याने दुसऱ्याच दिवशी चंबू भट्टीत ठेवले आणि एकला भट्टी बंद केली. पण तीन वाजता दार कुरकुरले. चंबू माझ्यात आले, तेव्हा पट्टे जसेच्या तसे होते. चौथ्या दिवशीही तीनलाच दार कुरकुरले.

त्या संध्याकाळी त्याने आपल्या सासऱ्यांना फोन केला. "बाबा, दुकान बंद करतोय. तिचा चष्मा आणि तपासणीची वही इथे आहेत, ती घेऊन जा."

दुसऱ्या दिवशी सासरे आले. ते जन्मभर एका गोदामावर पहारेकरी होते. त्यांच्या पिशवीत एक चपटी उशी होती.

"जावईबापू, दुकान का बंद करताय?"

"काम बिघडतंय, बाबा."

"हात बिघडले?"

"हात ठीक आहेत. फुंकणं जमतं. हे पाच तास बसणं जमत नाही." त्याने ज्योतीच्या टेबलाकडे मान वळवली. "ज्योत चालू असते तोवर काही वाटत नाही. ती बंद झाली की समोरचं स्टूल दिसतं. मग मी भट्टीच उघडतो."

मला माझ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. ते पाच तास त्या दोघांचे होते, आणि त्याला ते एकट्याला सोसत नव्हते.

सासरे म्हणाले, "मला घरी बसून तेच दिसतं. फरक एवढाच की मला उघडायला भट्टी नाही." मग त्यांनी उशी समोरच्या स्टुलावर टाकली. "लावा तुमचे चंबू आत. जन्मभर वाट बघण्याचाच पगार खाल्लाय मी. आज दोघं मिळून बघू."

एकला भट्टी बंद झाली. सासऱ्यांनी चहा केला, तो फार वाईट झाला असावा. कारण "हा विकू नका कुठे," असे कारागीर म्हणाला. तीन वाजता त्याचे स्टूल सरकले.

"कुठे?"

"पाणी प्यायला उठतोय."

"पाणी भट्टीत ठेवता वाटतं?"

तो परत बसला. मग सासरे सांगू लागले. लेक सात वर्षांची असताना तिने घरातला थर्मास फोडला होता. का, तर आत चहा गरम कोण ठेवतं ते बघायला. "मी ओरडलो, तर मलाच विचारते, बाबा, तुम्हाला नाही का बघावंसं वाटलं इतके दिवस?"

कारागीर हसला. मी ते हसणे तीन महिन्यांत ऐकले नव्हते. हसता हसता त्याचा आवाज बदलला आणि तो रडू लागला. मोठ्याने, लहान मुलासारखा. सासऱ्यांनी "रडू नका" म्हटले नाही. फक्त एका स्टुलाचे पाय फरशीवर घासत दुसऱ्याजवळ गेले, एवढे मी ऐकले. थोड्या वेळाने दोन आवाज रडत होते.

मग थर्मासनंतर सायकलची गोष्ट निघाली, सायकलीनंतर लग्नाची. भट्टीचे दार कुरकुरले तेव्हा घड्याळात पावणेसात वाजून गेले होते. सहा कधी वाजले ते दोघांनाही कळले नव्हते.

एक चंबू भट्टीतच तडकलेला निघाला. उरलेले वीस एकेक करून माझ्यात आले. पहिला धरला, अंधार. दुसरा, अंधार. सासरे माझ्या पट्टीला डोळा लावून म्हणाले, "मला तर काहीच दिसत नाही."

"तेच हवंय, बाबा."

अठरा चंबू निवांत निघाले. दोघांत अजून पुसटसे पट्टे होते.

"हे उद्या परत," कारागीर म्हणाला.

"उद्या? मग दुकान बंद होतंय ते?"

"भट्टीला पाच तास लागतात हो. आधी हे दोन होऊ देत."

जायला निघताना सासऱ्यांनी गंमत म्हणून आपला तळहात माझ्या मोकळ्या जागेत धरला. "माझ्यात किती ताण आहे, सांग बघू." मी पुष्कळ प्रयत्न केला. हात पारदर्शक नसतो. मला पाच बोटांची काळी सावली दिसली, बाकी काही नाही.

शनिवारी प्रयोगशाळेच्या बाई आल्या आणि त्यांनी विचारले, "देऊ पोरांच्या हातात?" कारागिराने माझा दिवा लावला आणि बाजूला सरकला. "तुम्हीच बघा, मॅडम." बाईंनी वीसच्या वीस चंबू स्वतः पाहिले आणि मग नेले.

मित्रांनो, त्यानंतर सगळे एकदम सुरळीत झाले, असे सांगितले तर माझा काटकोन चुकेल. एका गुरुवारी दार पुन्हा चारलाच कुरकुरले. त्याने चंबू माझ्यात धरले, पट्टे पाहिले, स्वतःशीच "हं" म्हणाला आणि ते परत आत ठेवले. काही दिवस तो एकटाच पाच तास बसतो. काही दिवस त्याला जमत नाही. पण आता त्या दिवशी तो भट्टी उघडत नाही, फोन उचलतो. काल दुपारी दोनला मी ऐकले, "बाबा, आज अवघड जातंय. येता का? चहा मात्र मी करतो."

मी आता म्हातारा झालो आहे. माझी एक पट्टी कोपऱ्यात पिवळी पडली आहे. मऊ फडक्याने पुसलेत तर अजून काही वर्षे खरे सांगेन. पण काचेचे. माणसांचे मला काही दिसत नाही. तीन महिने सगळे ज्याला खंबीर म्हणत होते, त्याच्या आत काय चालले होते ते त्याच खोलीत राहून मलाही कळले नाही. तुमचे तसे नाही. तुम्हाला तोंड आहे, तुम्ही विचारू शकता. दुःखातून उठून लगेच कामाला लागलेल्या माणसाला नुसती शाबासकी देऊ नका, त्याला विचारा. तो लगेच सांगणार नाही, तरी शेजारी बसा. आणि कधी तुमच्याच आत अशी ओढाताण सुरू झाली, तर माझ्या मालकासारखे तीन महिने घालवू नका. दुपारी दोनलाच फोन करा.