तिसऱ्या क्रमांकाचं गाव

पाऱ्याची कड एकोणीस अंशांच्या रेघेला टेकलेली दिसत होती — पण डोळा काटकोनात असेल तरच. मान जरा झुकवली की तीच कड रेघेखाली उतरायची. यातली खरी कुठली, हा प्रश्न एकतीस वर्षं तापमापक तपासत आलेल्या माणसाला पडायचं कारण नव्हतं. आज पडला.

रविवारी चादरींच्या घड्या घालताना — दोन टोकं त्याच्या हातात, दोन तिच्या — बायको म्हणाली होती, "डोंगरातलं एखादं शांत, देखणं गाव बघ. दहा दिवस. कसली घाई नको. आणि या खेपेला तू निवडायचं." मग चादरीची टोकं जुळवत, आवाज तसूभरही न चढवता, "तिथून तुझ्याबरोबर घरी येईन की परस्पर ताईकडे राहायला जाईन, ते माझं अजून ठरत नाहीये." त्याने आपली टोकं तिच्या हातात दिली होती. घडी चोख झाली होती.

उत्तर तिला आज हवं होतं. त्याने गावं सहा काढली, नावं झाकली, क्रमांक दिले. कुठल्या क्रमांकाला कुठलं गाव, तो कागद साहाय्यिकेच्या खणात. मोजणाऱ्याला नमुन्याची ओळख असू नये, हा प्रयोगशाळेचा शिरस्ताच होता.

"सर, गावांचीसुद्धा नावं झाकायची?" साहाय्यिका म्हणाली होती. "लग्न ठरवतानाही असंच केलं होतंत की काय?"

"तेव्हा नमुना एकच होता."

ती खो खो हसली. त्याने फक्त वस्तुस्थिती सांगितली होती.

तक्ता नेटका झाला. उंची, रात्रीचं तापमान, चढांचा तीव्रपणा. शांतता म्हणजे मुख्य रस्त्यावरून तासाला जाणारी वाहनं. देखणेपणाला एकक सापडेना, म्हणून तो रकाना त्याने काढून टाकला.

दुपारी तिसरा क्रमांक पहिला आला, आणि त्याच्या पोटात काहीतरी धस्सकन खाली गेलं. निराशा. नोंद घेण्याजोगी गोष्ट — म्हणजे मनात दुसरंच कुठलंतरी गाव असणार. त्याने तक्त्यातले भारांक, म्हणजे कुठल्या रकान्याला किती वजन द्यायचं ते आकडे, बदलले. पाचवं वर आलं. पुन्हा तेच धस्स. मग पहिलं, सहावं, दुसरं, चौथं... सहाही वेळा, तितक्याच जोराने. तेव्हा या निराशेचा गावांशी संबंध नव्हता. मग कशाशी होता? एका घाटातल्या वळणावर, फार वर्षांपूर्वी, ती म्हणाली होती, थांबू या ना जरा — आणि त्याने पुढे गाठायच्या रेल्वेगाडीचं वेळापत्रक काढून सांगितलं होतं, बारा मिनिटं थांबता येईल. ती थांबलीच नाही, मोटारीत जाऊन बसली. बारा हा आकडा त्याला लख्ख आठवत होता. ती बघत काय होती... दरी? झाड? कुणी माणूस? त्याच्या आठवणीत तिथे काहीच नव्हतं, नुसती कोरी जागा.

फोन वाजला.

"ठरलं का रे?"

"तीन नंबर आला."

"त्याला नाव असेल की काही."

"ते मला माहीत नाही."

"नाव न बघता गाव निवडलंस? अरे, धन्य आहे तुझी!" पुढे जो आवाज आला तो हसण्याचा की रडण्याचा, हे त्याला ठरवता येईना.

"हसतेस का?"

"मलाही कळत नाहीये." तिने नाक ओढलं. "बरं, तक्ता राहू दे. तुला कुठे जायचंय?"

साहाय्यिका खणातला कागद घेऊन दारात उभी होती. त्याने हातानेच नको म्हटलं — का नको, हेही त्याला उमगलं नाही.

"तू ताईकडे..." तो म्हणाला, आणि अडखळला. वाक्य सुरू करताना त्याचा शेवट त्याला नेहमी दिसत असे. या वाक्याला शेवटच नव्हता. "थांब. ठेवू नकोस."

"नाही ठेवत."

हे आत जे दाटून आलं होतं ती भीती, की हट्ट, की नुसतीच सवय मोडण्याची धास्ती — की यातलं काहीच नाही, आणि इतक्या वर्षांत ज्याची एकदाही नोंद केली नाही असं काही... काय सांगायचं ते त्याला अजूनही कळलं नव्हतं. खरं किती, खोटं किती, तपासायला हाताशी काही नव्हतं. तरी ते वर येतच राहिलं, आणि तो बोलू लागला.