बुल्वेच्या पिल्लाचा आडोसा

"पिल्लू काही नीट दिसलं नाही हो!" दलदलीतले पक्षी दाखवायला नेणाऱ्या लुबोवाच्या होडीतून उतरणारा प्रत्येक पाहुणा हेच म्हणायचा. शेवटी वैतागून लुबोवा एका सकाळी कोयता घेऊन दलदलीत शिरला आणि बुल्वे पक्षिणीच्या घरट्यापुढचे उंच लव्हाळे त्याने सपासप कापून काढले.

होडीचं दुसरं वल्हं त्याची बायको नाकान्वागी मारायची. ती बघतच राहिली.

"मिरेंबेचे बाबा, हे काय करून बसलात! बाळंतिणीच्या खोलीची भिंत पाडाल का कुणी?"

"भिंत कसली? गवत आहे ते. येईल परत."

"येईल तेव्हा येईल. ऊन आज आहे ना!"

त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दुपारी पाहुणे भलतेच खूश! ती करडी, थोराड बुल्वे आपल्या रुंद चोचीत पाणी भरून आली होती. उन्हात पिल्लाच्या अंगावर आई असं पाणी ओतते. पण समोर होडी बघून ती दूरच थबकली. एक पाऊल पुढे, दोन मागे.

"अजून जवळ घ्या ना," पाहुणा म्हणाला.

"अहो, नको! तिच्या चोचीत पाणी आहे. मागे फिरू या," नाकान्वागी कळवळली.

"गप गं! पाहुण्यांसमोर शोभा नको."

होडी पुढे गेली. चोचीतलं पाणी तिथेच सांडलं आणि आई उडून गेली. पिल्लू चोच उघडी टाकून धापा टाकत राहिलं, फोटो निघत राहिले.

दुसऱ्या दिवशी नवराबायको दोघंच गेली. बुल्वे घरट्यात उभी राहून पाणी ओतत होती.

"बघ, आली की नाही! उगाच जीव खाल्लास माझा," लुबोवा हसला.

बुल्वे पुन्हा पाणी घेऊन आली, पुन्हा ओतलं. पिल्लू हललं नाही. तिने चोचीने त्याला हळूच ढोसलं आणि परत पाण्याकडे वळली.

अरेरे! लुबोवाने वल्हं खाली ठेवलं. "मीच मारलं गं त्याला," एवढंच तो बोलला. नाकान्वागी नुसती रडत राहिली.

आता तो होडी लांबच थांबवतो. कुणी कुरकुरलं तर सांगतो, "इथून दिसेल तेवढंच बघायचं. नसेल जमत, तर मी परत फिरतो."

मंडळी, रानात जरूर जावं, डोळे भरून बघावं. पण आपल्याला बघून एखाद्या जिवाने हातचं काम टाकलं, की समजावं आपण फार जवळ आलो, आणि तिथूनच मागे फिरावं. लुबोवाला हे कळलं, पण एका आईचं पिल्लू गेल्यावर.