चौकशीची चौकशी

मी फुलपाड्यातल्या एका नाक्यावरचा जुना सिमेंटचा बाक आहे, आणि मित्रांनो, मी जन्माचा चौकस आहे. लोक माझ्यावर बसतात, अर्धी गोष्ट बोलतात आणि उठून जातात. उरलेली अर्धी काय असेल, याचा विचार करत मी उन्हात तापत पडतो. माझी सगळ्यात जुनी शंका तर माझ्या स्वतःच्या पाठीबद्दल आहे. तिथे काहीतरी कोरलेलं आहे, पण लोक टेकून बसतात, वाचत कोणीच नाही. मला काही मान वळवता येत नाही.

माझा जन्म वालीवच्या एका छोट्या कारखान्यातला. साच्यात लोखंडी सळ्या ठेवून वर सिमेंट ओतलं, ओली गोणपाटं गुंडाळून मला भरपूर पाणी पाजलं आणि एका सकाळी टेम्पोत घालून इथे आणून रोवलं. कोणाच्या तरी आठवणीसाठी मला बसवलं, एवढंच त्या गडबडीत कानावर पडलं. ती नव्वदीची वर्षं होती. आजूबाजूला इमारती भराभर उठत होत्या. पापडीहून केळी विकायला येणाऱ्या लिडियाबाई आपली टोपली माझ्यावर टेकवायच्या आणि जाताना मला चक्क थोपटायच्या. संध्याकाळी बायका मटार सोलत बसायच्या. मोठे कौतुकाचे दिवस होते ते.

पुढे काही वर्षांनी एक टोळकं आलं. त्यांचा म्होरक्या लाल टोपीवाला. दिवेलागणीला ही पोरं माझा ताबा घ्यायची. माझ्या पायांवर गुटख्याच्या पिचकाऱ्या, येणाऱ्याजाणाऱ्यांवर शेरे आणि कोणी हटकलंच तर त्याच्या अंगावर धावून जाणं, हा त्यांचा रोजचा खेळ. लिडियाबाईंनी रस्ता बदलला. मटार घरातच सोलले जाऊ लागले. माझा एक कोपरा फोडला गेला, त्याचं मला दुःख झालं, पण खरी पंचाईत झाली ती उन्नतीची.

उन्नती समोरच्या इमारतीत राहायची. बारावीला होती आणि तिला संध्याकाळच्या क्लासहून याच रस्त्याने घरी यावं लागायचं. एकदा पोरांनी तिची सायकल अडवली आणि ती रडेपर्यंत लाल टोपीवाला सायकलची घंटी वाजवत राहिला. तिचे वडील म्हणाले, "बंद कर तो क्लास. घरीच अभ्यास कर." पण फिजिक्स तिला एकटीने जमत नव्हतं. तिची आई वसुंधरा मुंबईला विमा कचेरीत नोकरी करायची. "थोडं थांबा," असं नवऱ्याला सांगून तिने चौकीत तक्रार दिली. काही झालं नाही, म्हणून पुन्हा दिली.

अखेर चौकशी झाली, तीही माझ्या डोळ्यांदेखत. एका गुरुवारी एक हवालदार भर दिवसा अकरा वाजता आले. इमारतीचे जिने चढले, उतरले. जिथे तिथे दाराला कुलूप! आमच्याकडची माणसं सकाळीच मुंबईला कामाला जातात, ती अंधार पडल्यावर उगवतात. घामाघूम झालेले हवालदार माझ्यावर येऊन टेकले. तिथे आधीपासून कोण बसलं होतं सांगा पाहू? लाल टोपीवाला आणि त्याचे दोन दोस्त. दिवसा रिकामे असे तेवढेच होते.

"काय रे, इथलेच ना तुम्ही?" हवालदारांनी विचारलं.

"हो साहेब, जन्मापासून."

"संध्याकाळी इथे पोरं त्रास देतात म्हणे."

"छे छे! एकदम शांत एरिया आहे साहेब. कोणाला काय प्रॉब्लेमच नाय."

हवालदारांनी मान डोलावून लिहून घेतलं. त्या दिवशी मला तोंड नसल्याचं फार वाईट वाटलं.

चौकीचं उत्तर आलं. रविवारी सकाळी, टोळकं झोपेत असताना, मायलेकी माझ्यावर येऊन बसल्या. वसुंधराने वाचलं, "गुरुवारी सकाळी अकरा वाजता स्थानिक रहिवाशांकडे समक्ष चौकशी केली असता कोणाचीही तक्रार आढळून आली नाही."

उन्नतीचे डोळे भरून आले. "आई, सोड ना आता. बाबा म्हणतात तेच करू."

"थांब गं. गुरुवारी अकरा वाजता आपल्या बिल्डिंगमध्ये होतं तरी कोण? यांनी विचारलं कोणाला?"

बाई माझ्याच जातीची निघाली! तिने तिथेच पर्सवर कागद ठेवून वरच्या साहेबांना अर्ज लिहिला आणि लेकीला वाचून दाखवला. पोरांना पकडा, असं त्यात नव्हतंच. आमच्या तक्रारींची चौकशी अशा वेळी का झाली आणि कोणाकडे झाली, एवढं तपासावं, अशी विनंती होती. चौकशीचीच चौकशी मागता येते, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

मग मी वाट पाहू लागलो. एका संध्याकाळी साध्या शर्टातले एक गृहस्थ शेंगा खात माझ्यावर येऊन बसले. थोड्याच वेळात टोळकं आलं.

"ओ अंकल, उठा. ही आपली जागा आहे," लाल टोपीवाला म्हणाला.

"तुमची? मी तक्रार केली तर?"

"करा ना! मागे एकीने केली होती. पोलीस आले आणि आम्हालाच विचारून गेले!"

सगळे खो खो हसले. गृहस्थही हसले. मग त्यांनी शेंगांची पुडी खिशात ठेवली आणि ओळखपत्र बाहेर काढलं. "मग आता मीही तुम्हालाच विचारतो. चला चौकीत."

लाल टोपी तेवढी माझ्यावर पडून राहिली.

वरच्या साहेबांनी चौकशीत चूक झाल्याचं लेखी कळवलं. तेच हवालदार पुन्हा आले, या वेळी दिवे लागल्यावर, आणि त्यांनी एकेक दार ठोठावलं. वसुंधराने त्यांना चहा दिला म्हणे. क्लास सुटायच्या वेळेला त्यांची फेरी सुरू झाली आणि उन्नतीचा क्लास चालू राहिला.

मित्रांनो, माझ्यावर खुशाल बसा. मला फोडू नका, रंगवू नका. आणि कोणी त्रासाबद्दल बोललं, तर ज्याला त्रास होतो, त्याच्या दारात जाऊन विचारा. तो घरी असेल तेव्हा जा.

परवा उन्नती आईची वाट पाहत इथे थांबली होती. तिने ओल्या फडक्याने माझी पाठ पुसली आणि वाकून मोठ्याने वाचलं, "कै. नरहरी यांच्या स्मरणार्थ. येणाऱ्याजाणाऱ्या सर्वांसाठी."

मग पुस्तक उघडून ती बसली, अगदी मधोमध.