हरिणीची झूल

वीरभद्रप्पांनी देवणीच्या बाजारात तीस वर्षं बैल विकले आणि तीस वर्षांत एकही बैल परत आला नाही. ही गोष्ट ते स्वतःच सांगायचे, आणि कोणी न विचारता सांगायचे. चहा पिताना सांगायचे, लग्नाच्या पंगतीत सांगायचे, एकदा म्हणे कोणाच्या तरी तेराव्याला लाडू खाताखाताही सांगितली होती. पण गोष्ट खरी होती, हे त्यांच्या दुष्मनालाही कबूल करावं लागायचं.

दलाल म्हटला की तो गुण आधी सांगणार आणि खोड पोटात ठेवणार. वीरभद्रप्पांचं उलटं. "ह्यो बैल डाव्या अंगाला जुपा. उजवीकडं जुपला तर लाथ घालतो, माझ्या मांडीवर खूण हाय, बघायची का?" असं म्हणून ते खरंच धोतर वर करायला लागायचे. गिऱ्हाईक हसायचं आणि बैल घेऊन जायचं.

बाजाराचा रिवाज साधा होता. बैल नेल्यापासून आठ दिवसांत न सांगितलेली खोड निघाली, तर तो भर बाजारात आणून दलालापुढं बांधायचा आणि दलालानं मुकाट्यानं घ्यायचा. एकदा असा बैल परत आला की त्या दलालाच्या शब्दाला कुत्रंसुद्धा विचारत नसे.

मग लातूर जिल्हा झाला. कचेऱ्या आल्या, साहेब आले, साहेबांच्या मागून वकील आले. गावोगावच्या बड्या मंडळींना एकदम वाटायला लागलं, की जिल्ह्याच्या गावी एस्टीनं धक्के खात जाणं आता शोभत नाही. वीरभद्रप्पांच्या गुडघ्यांनीही बाजार तुडवून तुडवून जवाब दिला होता. त्यांनी लातुरात एक गाळा धरला आणि 'हरिणी' मोटारीची एजन्सी घेतली.

घेण्याआधी कंपनीच्या माणसाला त्यांनी बैलाचं विचारतात तसंच विचारलं, "हिचं खानदान सांगा."

तो माणूस मोकळा होता बिचारा. म्हणाला, "आमच्या मालकांनी सुरुवातीला उसाच्या चरकाची इंजिनं केली. मग फवारणीचे पंप. मग तीन चाकांचा टेम्पो काढला, पण तो वळणावर पालथा व्हायचा. म्हणून चौथं चाक लावलं. आणि चार चाकं झालीच आहेत तर मोटारच का नको, म्हणून ही हरिणी."

"म्हंजी चरकाची नात आणि टेम्पोची लेक," वीरभद्रप्पा म्हणाले. "जात कष्टाची हाय. चालंल."

खोडी त्यांनी आठवडाभर स्वतः चालवून शोधल्या आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितल्या. डाव्या दाराची मूठ हातात येते. डावीकडं वळताना हॉर्न आपोआप वाजतो. चढावर तिसरा गिअर घेऊ नये, ती रुसते. एवढं ऐकूनही सात गाड्या खपल्या, कारण दुसऱ्या कुठल्या मोटारीच्या निम्म्या किमतीत ती मिळायची. उदगीरचे किराणावाले शरणप्पा, नव्या कोर्टासाठी नांदेडहून लातुरात आलेले रेणुकादास वकील, पार अर्धापूरचे केळीवाले अमृतराव, असली खाशी मंडळी. आणि वीरभद्रप्पांनी सगळ्यांना शब्द दिला, "बैलाला आठ दिवस, मोटारीला एक पावसाळा. पावसाळा सरंपर्यंत न सांगितलेली खोड निघाली, तर देवणीच्या बाजारात आणून बांधा."

आणखी एक गोष्ट त्यांनी केली. बैल विकताना ते नव्या मालकाला झूल भेट द्यायचे. ती त्यांची बायको जगदेवी स्वतः शिवायची, आरसे, लाल गोंडे, कडेनं पिवळी वेलबुट्टी. मोटारींसाठीही तिनं सात झुली शिवल्या, चांगल्या जाड मांजरपाटाच्या दुहेरी. पण वीरभद्रप्पा म्हणाले, टपावर टाकली तर कोणाला दिसणार? त्यांनी झुलीवर वीतभर अक्षरांत 'वीरभद्रप्पा देवणीकर' असं भरून घेतलं आणि ती मोटारीच्या तोंडावर बांधली, एका दिव्यापासून दुसऱ्या दिव्यापर्यंत. समोरून येणाऱ्या माणसाला मोटारीच्या आधी त्यांचं नाव दिसावं.

"अहो, झूल पाठीवर असती," जगदेवी म्हणाली होती. "तोंडावर कोण घालतंय?"

"तुला मोटारीतलं काय कळतंय?" वीरभद्रप्पा म्हणाले होते.

त्या वर्षी पाऊस आलाच नाही. मृग कोरडा गेला, हस्ताचा हत्तीही कोरडा गेला. विहिरींचे तळ दिसायला लागले, टँकर सुरू झाले. आणि त्या उन्हात सातही हरिण्या तापायला लागल्या. पाच-सहा कोस गेल्या की नाकातून वाफ! बादलीभर पाणी ओतावं तेव्हा पुढं हलायच्या. आता असल्या सालात मोटारीला पाणी कोण देतंय? शरणप्पा मागच्या सीटवर कुटुंबाऐवजी दोन घागरी बसवून फिरायला लागले. अमृतरावांनी चिठ्ठी पाठवली, की यापेक्षा केळीला पाणी कमी लागतं. रेणुकादास वकील एका तारखेला हजरच होऊ शकले नाहीत आणि वाटेत अडकले म्हणून त्यांना अशिलाच्या शिव्या खाव्या लागल्या.

गाड्या गाळ्यावर यायच्या. मिस्त्री गुंडप्पा झूल सोडायचा, अदबीनं घडी करून खुर्चीवर ठेवायचा, टोपण उघडून सगळं तपासायचा, गावात दोन चकरा मारायचा. काही नाही! गाडी थंडगार. "हिथं आली की शहाण्या सुनेवानी वागती," असं म्हणून तो झूल पुन्हा नीट बांधायचा आणि गाडी परत द्यायचा. कंपनीला पत्र धाडलं, तर उत्तर आलं, की दुसऱ्या कुठल्याही एजन्सीकडून तापण्याची तक्रार नाही, मूठ आणि हॉर्नच्या मात्र पुष्कळ आहेत.

शेवटी मंडळींचा धीर सुटला. शरणप्पांनी निरोप धाडला: येत्या बाजारी सातही हरिण्या देवणीला आणून बांधतो. वीरभद्रप्पांनी उलट निरोप दिला, की पावसाळा सरून गेला, मुदत संपली. त्यावर रेणुकादास वकिलांनी एका ओळीचं उत्तर लिहिलं, "पावसाळा आलाच नाही, तर सरला कसा?"

गाड्या परत घ्यायचं वीरभद्रप्पांना एवढं वाटत नव्हतं. पण ज्या बाजारात तीस वर्षं एक खूर परत आलं नाही, तिथं एकदम अठ्ठावीस चाकं परत यायची! आपलं नाव त्या मातीत जाणार, हे त्यांना डोळ्यांपुढं दिसायला लागलं.

बाजाराच्या आदल्या सकाळी त्यांनी गुंडप्पाकडं आलेली वकिलांची हरिणी घेतली आणि स्वतःच देवणीची वाट धरली. काय खोड आहे ती एकदा आपल्या डोळ्यांनी बघू म्हणाले. नळेगावच्या अलीकडं काटा वर चढला, वाफ सुटली, आणि हरिणी बसली ती बसलीच.

समोर टँकरची रांग होती. वीरभद्रप्पा तांब्या घेऊन गेले तर बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. "आमच्या लेकरास्नी न्हाई, आन ह्या डबड्याला कुठून द्यावं?"

रांगेच्या टोकाला नागुबाई नावाची एक म्हातारी चार भरलेल्या घागरी राखत बसली होती. ती उठली, कमरेवर हात ठेवून मोटारीभोवती एक फेरी घातली आणि तोंडापुढं येऊन थांबली.

"तापंल न्हाई तर काय करंल?" ती म्हणाली. "मुसकं बांधून पळवायलाव व्हय तिला?"

"मुसकं न्हाई बाई, झूल हाय ती."

"झूल पाठीवर असती, मालक. तोंडावर असतंय ते मुसकं. आमी खळ्यावर बैलाला बांधतो, त्येला पन जाळी ठिवतो, श्वास घ्यायला. तुमी तर गोधडीच कोंबली."

वीरभद्रप्पांनी तिला मोटारीतलं काय कळतंय म्हणायला तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं. हेच वाक्य आपण आधी कोणाला तरी म्हटलंय, असं त्यांना आठवलं.

नागुबाईनं एक घागर दिली, पण उरलेल्या तीन घरापर्यंत पोचवायच्या या बोलीवर. हरिणी निवली, पाणी प्याली, घागरी घरी पोचल्या. वीरभद्रप्पांनी झूल सोडून मागच्या सीटवर टाकली आणि निघाले. पाच कोस झाले, सात झाले, उदगीर आलं. काटा जागचा हलेना! त्यांनी आनंदानं मांडीवर थाप मारली. "वा रे माझ्या हरिणी!" नेमकं डावं वळण आलं आणि हरिणीनंही हॉर्न वाजवला.

मग हळूहळू आनंद ओसरला. म्हणजे खोड गाडीत नव्हतीच. खोड त्या वीतभर अक्षरांत होती. उद्या हे भर बाजारात सांगायचं? पोरंसोरं चिडवतील. त्यापेक्षा झुली धुवायच्या निमित्तानं गोळा कराव्यात आणि कंपनीनं सामान बदलून दिलं म्हणावं. कंपनी कुठं ऐकायला येते? देवणीत शिरेपर्यंत त्यांचा बेत पक्का झाला.

घरी जगदेवीनं, चौतीस वर्षांच्या संसाराच्या सवयीनं, सगळं ऐकून घेतलं. झुलीचा एक तुटलेला गोंडा ती शिवत होती.

"मंग खोड कोणाची म्हणून सांगनार?"

"कंपनीची."

"बरं. तीस वर्सांत अशा किती खोडी दुसऱ्याच्या अंगावर ढकलल्या तुमी?"

"एक पन न्हाई!" वीरभद्रप्पा तडकले.

"हाव की," जगदेवी म्हणाली. "मंग आता एकतिसाव्या वर्सापून सुरू करा."

एवढं बोलून तिनं दोरा दातानं तोडला. वीरभद्रप्पांना त्या दिवशी भाकर गोड लागली नाही.

दुसऱ्या दिवशी बाजार भरला तो बैलांचा कमी आणि तमाशाचा जास्त. चारा नसल्यानं जनावरं थोडकीच आली होती. त्यांच्या ओळीत सात हरिण्या, सातांच्या तोंडावर झुली. वकिलांची तर वीरभद्रप्पांनी स्वतःच नेऊन ओळीत लावली होती, झूल बांधून. जगदेवीही त्यांच्याबरोबर आली होती. शरणप्पांनी तर रिवाज म्हणजे रिवाज म्हणून आपल्या गाडीला दावं लावून ते खुंटीला बांधलं होतं. वकील बोलायला उभे राहणार, तोच वीरभद्रप्पा एका बैलगाडीवर चढले.

"शरणू शरणार्थी, मंडळी," ते हात जोडून म्हणाले. "खोड सापडली. हरिणी तोंडानं वारं घेती. मी तिच्या तोंडावर झूल बांधली. झूल शिवणारीनं सांगितलं होतं पाठीवर टाका म्हणून. मी न्हाई ऐकलं. का? तर माझं नाव सगळ्यास्नी दिसावं. खोड मोटारीची न्हाई, कंपनीची न्हाई, बायकोच्या टाक्याची न्हाई. माझी हाय. मी कधी सांगितली न्हाई, कारण मलाच ठाव नव्हती."

शरणप्पांनी झूल सोडली, दावं सोडलं आणि गाडी उदगीरच्या वाटेला लावली. तासा-दीड तासानं परत आले ते खिडकीतून हात बाहेर काढून ओरडतच, "थंड! पार थंड! घागरी भरल्या तशाच परत आनल्या!"

मग असा हशा उसळला, की बैलांनीही कान टवकारले. वकिलांनी वीरभद्रप्पांना मिठी मारली. जो तो आपापली झूल सोडायला धावला आणि एक-दोन दारांच्या मुठी त्या गडबडीत हातात आल्या, पण ती खोड सांगितलेली होती. वीरभद्रप्पांना वाटलं होतं लाज वाटेल. वाटलं ते भलतंच. अंगावरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं, आणि डोळे भरून आले.

पण शरणप्पा किराणावाले, हिशेबाचे पक्के. ते पुढं आले.

"मोटारी आमी ठेवतो," ते म्हणाले. "पन रिवाज मोडायचा न्हाई. न सांगितलेली खोड निघाली ती वीरभद्रप्पांमधी. मंग आता आप्पांना कोणाच्या पुढ्यात आनून बांधायचं?"

सगळा बाजार जगदेवीकडं वळला. ती निवांतपणे एक झूल शरणप्पांच्या हरिणीच्या टपावर पसरत होती. गोंडे सारखे केले, पदर खोचला आणि मग तिनं मान वर केली.

"माझ्याकडं नगा बगू," ती म्हणाली. "माझे आठ दिवस चौतीस वर्सांमागंच सरले."