कोंडाबाईचा तिसरा हिस्सा

"भावजी, रेघेच्या भायेर व्हा," कोंडाबाई म्हणाली.

हैबतराव बाहेर झाला नाही. उलट आणखी दोन पावलं आत आला. त्याच्यामागे वाटेवर दगडांनी भरलेल्या गाड्या उभ्या होत्या आणि गाड्यांचे बैल आमच्याकडे टक लावून पाहत होते. बैलांचं काही चुकत नव्हतं. भाताच्या खळ्यावर पदर खोचून चामड्याच्या चेंडूसाठी झटापट करणाऱ्या बारा बायका त्यांनी आधी पाहिल्या नसाव्यात.

"वैनी, पुरं करा आता. सायबाचा हुकूम हाय. दगड आज हितंच उतरायचा."

"उतरवा की. आमी कुटं न्हाई म्हंतोय? सामना झाला की उतरवा."

"कवा हुतोय?"

कोंडाबाईनं रत्नाबाईंकडे हनुवटी उडवली. "त्यांस्नी इचारा. घड्याळ त्यांच्यापाशी हाय."

रत्नाबाई आमच्या कॉलेजात खेळ शिकवायच्या. त्यांनी शिट्टी वाजवली, घड्याळ थांबवलं आणि हैबतरावाकडे पाहून विचारलं, "आपण कोणत्या संघातले?"

प्रकरण इथवर कसं आलं ते सांगायला हवं.

पुण्यातल्या आमच्या महिला कॉलेजात बास्केटबॉल सुरू होऊन वर्ष झालं होतं, आणि त्या वर्षात आम्ही एकही सामना खेळलो नव्हतो. आमच्याशी खेळायला कुणी नव्हतंच. दुसऱ्या शाळा-कॉलेजांतल्या मुलींचे वडील नाही म्हणत. आमच्या मुलींचे वडीलही नाही म्हणत होते, पण आमच्या वसतिगृहाची भिंत उंच होती. अखेर चालक मंडळानं ठराव केला की ज्या खेळाला प्रतिपक्ष नाही तो खेळ नव्हे. दिवाळीनंतरच्या सत्रात एकतरी सामना झाला नाही, तर चेंडू कपाटात आणि कपाटाची किल्ली चिटणिसांकडे.

कोंडाबाई आमच्या वसतिगृहाला आंबेमोहर पुरवायची. मुळशीहून तांदळाची गाडी घेऊन आली की तांदूळ मापून होईपर्यंत स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून आमचा सराव बघायची. नवरा मुंबईला गोदीत हमाल होता, शिमग्याला यायचा. बाकीचं वर्ष वावर, खळं आणि म्हैस तिच्या अंगावर. त्यातलं वावर आणि खळं आता धरणाच्या पाण्यात जाणार होतं. सत्याग्रह होऊन गेला होता. पुढारी तुरुंगातून सुटून आपापल्या घरी गेले होते. गाव तेवढं गावातच राहिलं होतं.

"ती पोरगी थितंच का उभी?" तिनं मला एकदा विचारलं. संघात मी सातवी, म्हणजे राखीव, त्यामुळं उत्तरं द्यायला मोकळी असायची.

"नियम आहे. मैदानाचे तीन हिस्से करायचे. जिचा जो हिस्सा तो तिचा. त्यातून बाहेर पडायचं नाही."

मुलींनी फार धावू नये म्हणून कुणी तरी हा नियम केला होता. धावल्यानं काय होतं ते पुस्तकात दिलेलं नव्हतं.

"आन कुनी भायेर ढकललं तर?"

"ढकलणाऱ्याचा फाऊल."

"सायबानं ढकललं तर?"

"कुणीही ढकललं तरी."

कोंडाबाईनं मैदानावरच्या रेघा नीट पाहून घेतल्या. मग म्हणाली, "लई झ्याक खेळ हाय." आणि उठून थेट रत्नाबाईंकडे गेली. आमच्या गावात सहा बाया हायेत, म्हणाली, आन खळं बी हाय.

रत्नाबाईंना प्रतिपक्ष हवा होता. कोंडाबाईला काय हवं होतं ते तिनं लपवलं नाही. मळणी उरकली की धरणाच्या ठेकेदाराचा मुकादम खळ्यावर दगड टाकणार होता. मुकादम तिचाच चुलतदीर, हैबतराव. एकदा दगड पडला की खळं गेलं, आणि खळ्याला लागून तिचं घर. "दगड यायच्या दिशी खेळू," ती म्हणाली. रत्नाबाई म्हणाल्या, "पंच मी असेन. पंच कुणाच्या बाजूचा नसतो." कोंडाबाई म्हणाली, "नगंच हाय बाजू. नेम पाळा म्हंजी झालं."

पौडपर्यंत मोटार, पुढं बैलगाडी, असं करत आम्ही मुळशीला पोचलो. अडचणी होत्या. खळ्याच्या मधोमध तिवडा होता. मळणीचे बैल ज्याच्याभोवती फिरतात तो खांब. तो उपटायला कोंडाबाई तयार होईना. तेव्हा तिवडा मधल्या हिश्शात उभा राहिला आणि दोन्ही संघांतल्या कुणाहीपेक्षा जास्त चेंडू त्यानंच अडवले. दुसरी अडचण टोपल्यांची. दोन्ही टोकांना मेढी रोवून बुरडाकडच्या नव्या पाट्या टांगल्या होत्या, पण त्यांची बुडं कापायला त्यांच्या संघातली साळूबाई आडवी आली. बूड नसलेली पाटी दारात टांगणं म्हणजे दळिद्राला आवतण. मग दर गोलाला त्यांच्यातलीच चिमाबाई शिडी लावून वर चढायची आणि चेंडू काढून आणायची. तेवढा वेळ घड्याळ बंद.

रत्नाबाईंनी फक्कीनं रेघा मारल्या आणि कोंडाबाईला पाटीखालच्या हिश्शात उभं केलं.

"ही तुमची जागा."

कोंडाबाईनं पायाखाली पाहिलं. खळं तिचंच, दर वर्षी तीच ते शेणानं सारवायची. पण नवव्या वर्षी ताम्हिणीहून लग्न होऊन आल्यापासून, ही तुझी जागा, असं तिला कुणी म्हटलं नसावं. वाढायला ऊठ, पाण्याला जा, सर तिकडं, एवढंच.

"हितनं हलायचं न्हाई?"

"नाही."

"कुनी बी म्हनलं तरी?"

"कुणीही म्हटलं तरी."

तिनं पदर खोचला आणि पाय फाकवून उभी राहिली. आमच्या कप्तान द्वारकेला तो पहारा शेवटपर्यंत फोडता आला नाही. द्वारकेनं जे गोल केले ते कोंडाबाई शिडी धरायला वाकलेली असताना केले, असं मुळशीकडचं म्हणणं आहे.

आमचे सहा गुण आणि त्यांचे दोन झाले होते, तेव्हा हैबतराव आला.

"मी कुटल्या बी संघात न्हाई," तो रत्नाबाईंना म्हणाला. "मी मुकादम हाय."

"म्हणजे मैदानात एक माणूस जास्त आहे. तुम्ही आत असेपर्यंत खेळ सुरू करता येत नाही."

"नका करू. मला तेच पायजे."

"पण संपवताही येत नाही. वेळ शिल्लक आहे. आणि तुम्ही आत आहात तोवर घड्याळ चालणार नाही."

हैबतरावानं याचा मनात हिशेब मांडला. तो आत थांबला तर सामना संपत नव्हता. बाहेर गेला तर सामना सुरू होत होता.

"मंग भायेर जातो," तो म्हणाला आणि गेला. रत्नाबाईंनी शिट्टी वाजवली. द्वारकेनं चेंडू टाकला, तो तिवड्याला लागून पाटीत पडला, चिमाबाई शिडी आणायला गेली. घड्याळ बंद. चिमाबाई त्या दिवशी शिडी फार विचार करून चढत होती.

"वैनी, ह्यो बनाव हाय."

"बनाव? भावजी, धरणाच्या कामावर तुमी सा वरसं खडी मोजताय. आमी तुमच्या घड्याळाला काय म्हनलं का?"

गाडीवाले हसले. हैबतरावाला ते झोंबलं. तो तरातरा आत आला आणि त्यानं कोंडाबाईचा दंड धरला.

कोंडाबाईनं हात सोडवून घेतला नाही. ती फक्त खाली बसली, आपल्या हिश्शात, मांडी घालून, आणि बसल्या माणसाला ओढायचं तर दोघं तरी लागतात. त्यानं गाडीवाल्यांकडे पाहिलं. गाडीवाले बैलांकडे पाहायला लागले.

"फाऊल," रत्नाबाई म्हणाल्या. "ढकलणाऱ्याचा फाऊल. सोडा त्यांना."

"म्या चार सालं ह्या दिराला भाकरी वाढली," कोंडाबाई खालूनच म्हणाली. "त्याला म्हाईत हाय मी कशी बसते."

हैबतरावानं दंड सोडला. इतकं मात्र खरं की त्यानं तो आधीच जरा सैल धरला होता. दिवस कलला तेव्हा गाड्या वाटेच्या कडेला रिकाम्या झाल्या आणि गेल्या, आणि पुढचा दगडही तिथंच पडत गेला. रत्नाबाईंनी थोडा वेळ शिल्लक ठेवून, उजेड नाही म्हणून, सामना तहकूब केला.

पुण्यात चिटणीस म्हणाले, अपुरा सामना हा सामना धरता येणार नाही. रत्नाबाई म्हणाल्या, मान्य, पण सामना चालू असताना चेंडू कपाटात ठेवता येत नाही, असा नियम आहे. तो कुठं लिहिलाय, असं मंडळात कुणी विचारलं नाही. खेळाचं पुस्तक कुणी वाचलेलंच नव्हतं. तेव्हापासून कॉलेजात बास्केटबॉल चालू आहे, कारण पहिला सामना संपलेला नाही.

कोंडाबाईनं त्या खळ्यावर आणखी दोन भातं मळली. तांदळाची गाडी घेऊन आली की विचारायची, "बाई, घड्याळ बंदच हाय न्हवं?" रत्नाबाई म्हणायच्या, "बंदच आहे." मग एका पावसाळ्यात धरणाची दारं बसली आणि त्या वर्षी ती तांदूळ घेऊन आलीच नाही.

हिवाळ्यात आम्ही चेंडू घेऊन तिकडे गेलो. गाव वर डोंगराच्या उतारावर, पेंढ्याच्या छपरांत बसलं होतं; खालची घरं मोडून वासे वर आणले होते. कोंडाबाई आम्हाला खाली घेऊन आली. खळ्याचा वरचा हिस्सा कोरडा होता, तिवडा घोटाभर पाण्यात, आणि तिचा हिस्सा त्याच्या पलीकडे. ती चालत आत गेली, पायानं चाचपत, आणि एका जागी थांबली. पाणी तिच्या मांड्यांपर्यंत आलं. साळूबाई आणि चिमाबाई तिच्यामागून आल्या. चिमाबाईनं शिडी आणली नव्हती. मेढ चिखलात खचली होती, पाटी आता हाताला येत होती.

"चालवा घड्याळ," कोंडाबाई म्हणाली.

आमच्या बाजूनं द्वारका पाण्यात उतरली. ती त्या वर्षी बी.ए. होणार होती आणि पुढं तिचं लग्न ठरलं होतं. तिनं चेंडू टाकला. तो पाटीच्या काठाला लागला, पलीकडे पडला आणि तरंगायला लागला. वारा डोंगराकडून होता. चेंडू हळूहळू लांब निघाला.

रत्नाबाईंनी शिट्टी तोंडाशी नेली.

"वाजवू नगा, बाई. आत हाय चेंडू."

"कोंडाबाई, रेघ दिसत नाही."

"मला दिसतीया." ती पाण्याकडे बघत होती. "त्यो आत्ता माज्या घरावर हाय. म्होरं चिमाचं घर. तितनं पल्याड आमचं वावार, वढ्यापत्तूर. समदं आतच हाय."

रत्नाबाईंनी शिट्टी खाली केली. आम्ही सगळ्या आपापल्या हिश्शात उभ्या राहिलो. चेंडू चिमाबाईच्या घरावरून सावकाश पुढं गेला, वावराकडे, आणि खेळ चालू होता.