शिक्का नसलेली वेळ

थॉर्नबर्न गावात घड्याळ या शब्दाच्या मागे जेवढी कामे होती, तेवढी खाणीत उतरणाऱ्या कुठल्याही माणसाच्या मागे नव्हती. खाणीच्या फाटकावर हजेरी घेणारे ते घड्याळ. जिन्याखाली विजेचे आकडे दाखवणारा डबा, तेही घड्याळ. पिकून पांढरे झालेले रानफूल फुंकून मुले किती वाजले ते मोजत, ते फूलसुद्धा घड्याळ. आणि भांडणात कुणाच्या तोंडावर गुद्दा बसला, तर तो त्याच्या घड्याळावर बसला असे म्हणत. परक्याला हे शब्दांचे दारिद्र्य वाटेल. वास्तविक तसे नव्हते. शनिवारी रस्त्यात कोणी नुसते "घड्याळ लावलंस का?" असे विचारले, तर ऐकणाऱ्याला क्षणभरही संशय पडत नसे, की विचारणारा कबुतरांच्या घड्याळाविषयी बोलतो आहे.

ते घड्याळ म्हणजे वीतभर उंचीची लाकडी पेटी. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी गावातली अशी सगळी घड्याळे कबुतरांच्या क्लबात एकाच ठोक्याला लावून त्यांना शिशाचा शिक्का मारीत. शर्यतीची कबुतरे दूर फ्रान्समध्ये नेऊन सोडत, आणि प्रत्येकाच्या पायात रबरी कडे असे. कबुतर घरी आले, की ते कडे काढून पेटीच्या तोंडात टाकायचे आणि खटका दाबायचा. आतल्या कागदावर वेळ उमटे. पेटी ढाबळीपाशीच, म्हणजे कबुतरांच्या खुराड्यापाशीच, राहिली पाहिजे, तिथून हलवली तर शर्यत बाद. आणि खटका दाबला जात नाही तोवर कबुतर आलेलेच नाही. 'छपरावर बसलेलं कबुतर अजून फ्रान्समध्येच असतं' ही त्या गावची म्हण होती, आणि तिच्यात विनोद होता तेवढेच दुःखही होते.

ईनक थर्लवेल त्या जुलैच्या शनिवारी दुपारी चारपासून ढाबळीपुढे उलट्या बादलीवर बसून होता. ढाबळ गावावरच्या चढणीवर, भाजीच्या वाफ्यांच्या ओळीत, त्याच्या वाफ्याच्या टोकाला होती. पण दारावरच्या पाटीवर 'थर्लवेल आणि बुल्मर' अशी दोन नावे होती. सेप बुल्मर त्याचा तीस वर्षांचा भागीदार. खाली घरांची रांग संपते तिथे, शेवटच्या घरात, मागच्या खिडकीशी तो अंथरुणाला खिळून होता. कोळशाच्या धुळीने त्याची छाती भरली होती. पाने गळतील तेव्हा हा नसेल, असे डॉक्टरने त्याच्या बहिणीला, बर्थाला, जिन्यात सांगितले होते, आणि जिना अरुंद असल्यामुळे ते सेपनेही ऐकले होते.

फ्रान्समधल्या बूर्जहून सुटलेले कबुतर त्याच दिवशी थॉर्नबर्नला पोहोचले, असे कधी घडले नव्हते. ज्याचे पहिले पोहोचेल त्याचे नाव क्लबातल्या लाकडी फळीवर सोनेरी अक्षरांत लागणार होते. सेपला आयुष्यात दुसरे काही मागायचे उरले नव्हते. त्याने स्वतः जोड लावून वाढवलेली निळी मादी या वर्षी बूर्जला गेली होती, आणि पुढच्या वर्षाची भाषा त्याच्यापुढे कोणी करीत नसे.

इथवर सर्व काही रीतीप्रमाणे होते. रीत मोडली होती ती ईनकने. शर्यतीच्या पाखराला ढाबळीबाहेर कधी दाणा घालू नये, हे त्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. पण मे महिन्यात सेपने एकदाच म्हटले होते, "हातात घेऊन बघायची होती रे तिला." त्या दिवसापासून ईनक रोज संध्याकाळी मादीला कोटाच्या आत घालून खाली नेई, खिडकी वर सरकवी, आणि सेपच्या तळव्यावर शेंगदाणे ठेवून तिला चौकटीवर उभी करी. तिथूनच ती उडून ढाबळीवर परत जाई. बर्था म्हणाली होती, "तू पाखराला बिघडवतोयस आणि माझ्या भावालाही." ईनकने ते कानाआड केले. समजत नव्हते म्हणून नव्हे. समजत होते, आणि तरीही सेपला नाही म्हणणे त्याला जमले नाही.

सात वाजून गेले तेव्हा दक्षिणेच्या टेकडीवर एक ठिपका दिसला. ईनक उठला. पाखरू खाली, जड पंखांनी, पण सरळ येत होते. त्याने ते पंखांवरून ओळखले आणि दाण्याचा डबा हातात घेतला.

"ये, बयो," तो हलकेच म्हणाला. "ये, माझी राणी."

मादी ढाबळीवर आली, एक फेरी मारली, आणि खाली रांगेकडे वळून सेपच्या खिडकीच्या चौकटीवर उतरली.

खिडकी बंद होती. खोकला वाढला म्हणून बर्थाने ती दुपारी ओढून घेतली होती आणि मग ती बाजाराला गेली होती. वरून ईनकला सारे दिसत होते: काचेबाहेर निळी मादी, काचेआड सेपचा पांढरा चेहरा, आणि दोघांमध्ये वीतभर अंतर. सेपच्या अंगात खिडकी वर ढकलण्याइतकी ताकद असती, तर तो अंथरुणात असताच कशाला? काचेवर टकटक करावी, तर पाखरू बुजेल. तो निश्चल बसला होता. मादीने काचेवर चोच मारली, मान वाकडी करून पाहिले, आणि वाट पाहत उभी राहिली.

ईनकने डबा वाजवला. तिने मान वळवली. पुन्हा वाजवला. ती जागची हलली नाही. तिच्या हिशेबाने शेंगदाणे या काचेमागे होते, आणि तो हिशेब ईनकनेच तिला शिकवला होता.

"काय रे, आली वाटतं तुमची?" शेजारच्या वाफ्यावरून मॅट ट्वेडलने विचारले. तोही आपल्या ढाबळीपुढे बसून होता. "कुठाय?"

"फ्रान्समध्ये," ईनक म्हणाला.

मॅट उभा राहिला, त्याने खाली पाहिले आणि तो हसला नाही. "किती वेळ झाला?"

"दहा मिनिटं."

"खाली जा की, लेका."

"आणि मी खाली असताना ती वर आली तर?"

ईनकच्या गैरहजेरीत मादी ढाबळीत शिरली, तर तिचे कडे घड्याळात टाकणार कोण? दुसऱ्याच्या घड्याळाला हात लावणे मॅटला नियमाने बंद होते. आणि ईनक इथेच थांबला, तर ती अंधार पडेपर्यंत तिथून हलेल याची खात्री नव्हती. दोन्ही वाटांवर खड्डा होता, आणि कुठला खोल, हे पडल्याशिवाय कळणार नव्हते. तो आणखी पाच मिनिटे डबा वाजवत राहिला. पेटीतले घड्याळ संथपणे चालले होते.

मग तो निघाला. उतरण दोनशे पावलांची. पण त्याच्याही छातीत तीच धूळ होती आणि गुडघे खाणीने केव्हाच ठेवून घेतले होते. मागच्या दाराने तो घरात शिरला, बूट काढले, आणि एकेक पायरी चाचपत जिना चढला. तो खोलीच्या दारात येताच सेपने मान न वळवता दोन बोटे वर केली. थांब, असा त्याचा अर्थ होता. मादी अजून तिथेच होती.

ईनक गुडघ्यांवर रांगत खिडकीखाली गेला. मे महिन्यापासून रोज उघडलेली ती खिडकी. कुठे अडते, कुठे सैल आहे, सारे त्याच्या हाताला पाठ होते. त्याने ती दोन बोटे वर उचलली. चार बोटे. मादीने पाय पुढे टाकला. सेपचा हात चादरीवरून सरकला, तळवा उघडला. त्यात काही नव्हते. शेंगदाणे ईनकच्या कोटात होते आणि कोट वर, बादलीवर राहिला होता.

मादीने रिकामा तळवा पाहिला, आणि ती उडाली.

"वर गेली," सेप श्वासाच्या तुकड्यांत म्हणाला. त्याला खिडकीतून दिसत होते. "ढाबळीच्या फळीवर उतरली. आत शिरली. ईनक, ती आत शिरली रे."

ईनक तोवर जिन्यात होता. बूट घालायला तो थांबला नाही. चढणीवर पहिल्या कुंपणापाशी त्याला थांबावे लागले. दुसऱ्या वेळी तर खालीच बसावे लागले, पांढऱ्या झालेल्या रानफुलांमध्ये, हात जमिनीला टेकून. श्वास हा पदार्थ कोणाकडून उसना मिळत नाही. त्याने मान वर केली तेव्हा मॅटच्या ढाबळीवर एक तपकिरी नर उतरताना दिसला. तो थेट आत गेला. पाठोपाठ मॅटच्या घड्याळाचा खटका वाजला. तो आवाज ईनकला तिथवर ऐकू आला, कारण संध्याकाळ शांत होती आणि तो त्याच आवाजाची वाट पाहत तीस वर्षे जगला होता.

मादी आपल्या कप्प्यात पाणी पीत होती. त्याने कडे काढले, पेटीत टाकले, खटका दाबला. मग तो बादलीवर बसला. मॅट कुंपणापाशी आला, त्याने हलकेच आपली वेळ सांगितली, आणि तो परत गेला.

ईनक खाली गेला तेव्हा बर्था परतली होती आणि चुलीपाशी डोळे पुसत होती. तिला कोणी काही बोलले नव्हते. उघडी खिडकी आणि फरशीवरचे ईनकचे बूट पाहून तिला सारे उमगले होते.

"किती?" सेपने विचारले.

"आठ वाजून नऊ. मॅटचा आठ वाजून चार."

सेपने मान हलवली. मग उशीखालून औषधाच्या पुडीचा कागद काढला. त्यावर पेन्सिलीने, थरथरत्या पण वाचता येईल अशा अक्षरांत लिहिले होते: निळी मादी, ७ वाजून ३१. उशाशी त्याचे मनगटी घड्याळ पडले होते, अडतीस वर्षांच्या कामाबद्दल खाणीने दिलेले.

"उतरली तेव्हाच लिहिलं," सेप म्हणाला. "क्लबात दे."

"सेप, तुला माहीत आहे..."

"मला माहीत आहे. तरी दे."

रविवारी दुपारी घड्याळे उघडली गेली. क्लबात घड्याळांचा कारभार आता कथबर्ट लोव्हीजकडे होता. त्याच्या आधी वीस वर्षे तो सेपने पाहिला होता. कथबर्टने शिक्के तोडले, कागद काढले, वेळा मोठ्याने वाचल्या. दोन्ही ढाबळींचे बूर्जपासूनचे अंतर सारखेच धरलेले असल्यामुळे गणित करण्यासारखे काही नव्हते. मग ईनकने पुडीचा कागद टेबलावर ठेवला. कथबर्टने तो वाचला, उलटा करून औषधाचे नाव वाचले, आणि पुन्हा सुलटा केला.

"माझी हरकत नाही," मॅट ट्वेडल मागून म्हणाला. "मी डोळ्यांनी पाहिलंय. लिही त्यांचं नाव."

"हरकतीचा प्रश्न नाही, मॅट."

"मग कशाचा आहे?"

"बारा वर्षांपूर्वी तुझं घड्याळ बंद पडलं होतं," कथबर्ट म्हणाला. "तुझ्या बायकोनं स्वयंपाकघरातल्या घड्याळाची वेळ लिहून आणली होती. याच टेबलावर ठेवली होती. त्या वेळी काय उत्तर मिळालं?"

उत्तर सगळ्यांना ठाऊक होते, आणि ते कोणी दिले होते तेही.

"मी तोच नियम चालवतो," कथबर्ट म्हणाला, जणू माफी मागावी तसा. त्याने कागदाची नीट घडी करून तो ईनकच्या हातात दिला. फेकून द्यायला त्याचा हात धजला नाही. ठेवून घ्यायला त्याला जागा नव्हती.

संध्याकाळी ईनक सेपच्या खोलीत गेला.

"कागद वाचला कथबर्टनं?"

"वाचला."

"काय म्हणाला?"

खोटे बोलावे, असे ईनकच्या मनात वाटेवर दोनदा आले होते. पण ज्या माणसाने वीस वर्षे घड्याळे लावली त्याच्यापुढे खोटी वेळ सांगणे त्याला शक्य नव्हते.

"शिक्का नाही म्हणाला."

"शिक्का नाही ती वेळ नाही," सेप म्हणाला. ते वाक्य त्याचेच होते. "बरोबर आहे त्याचं. मीही घेतला नसता." मग छताकडे पाहत म्हणाला, "ट्वेडलची बायको रडली होती त्या दिवशी. मी तिला म्हटलं, बाई, वाट अडवू नका."

तेवढ्यात काचेवर चोच वाजली. कोणी न आणता मादी आपण होऊन आली होती. एकदा अशी सवय जडलेले पाखरू पुन्हा शर्यतीला पाठवत नाहीत. ती ढाबळीकडे सरळ येईल याचा भरवसा उरत नाही. अजून आठवडाभर तिला इथे दाणा मिळाला नाही तर ती सवय कदाचित सुटेल, हे दोघांनाही माहीत होते. सेप काही मागत नव्हता. तो फक्त खिडकीकडे पाहत होता.

ईनकने खिशात हात घातला. आज शेंगदाणे होते. त्याने ते सेपच्या तळव्यावर ठेवले, उठला, आणि खिडकी वर सरकवली.