रिकाम्या गाडीची तपासणी

हिसक्यांची तक्रार घेऊन पिकअप गॅरेजमध्ये तिसऱ्यांदा आली तेव्हा मिस्त्रीने बॉनेट उघडण्याआधीच निकाल देऊन टाकला. "बाई, मागे दोनदा सांगितलं तेच. प्लग नवे, फिल्टर नवा, क्लच ठीक. दोष गाडीत नाही, पायात आहे."

ज्यांचा पाय, ते शेजारीच उभे होते. काचेच्या दुकानाची गाडी ते बावीस वर्षं चालवत होते. दुकानात सगळे त्यांना मामा म्हणत. वेग घेताना गाडी हिसके द्यायची आणि महिन्याभरात तीन मोठ्या काचा वाटेतच तडकल्या होत्या. मालकीणबाईंनी ठरवलं होतं, की आज गाडी निर्दोष निघाली तर सोमवारपासून स्टिअरिंगवर दुसरा माणूस.

"रिकामी गाडी काय तपासता?" मामा म्हणाले. "हिसके भरल्या गाडीला बसतात. उपाशी माणसाला ढेकर येते का कधी?"

मिस्त्रीला ते झोंबलं. काचा दुकानात उतरवूनच गाडी गॅरेजात यायची, त्यामुळे आजवर त्याने ती रिकामीच फिरवून पाहिली होती. त्यात काही चुकतंय असं त्याच्या मनातही आलं नव्हतं.

"होऊ द्या तुमच्या मनासारखं," म्हणत त्याने हौद्यात दोन भंगार गिअरबॉक्स आणि वाळूच्या बारा गोण्या चढवल्या. "बाई, तुम्हीच चालवा. त्यांचा पाय नको, माझाही नको."

गल्लीच्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये गाडी अशी हिसकली, की शेजारी बसलेल्या मिस्त्रीचं कपाळ समोरच्या काचेला टेकून आलं. परत आल्यावर त्याने बॉनेट उघडलं, हँडब्रेक ओढला आणि बाईंना पहिल्या गिअरमध्ये क्लच अलगद सोडायला सांगितला. इंजिन एका बाजूने दोन बोटं वर उचललं गेलं. त्याच्याखालचं जाड रबर फाटलं होतं.

बाई उतरून बघायला आल्या. "रबर फाटलं कशानं? बावीस वर्षं क्लच आपटूनच ना? म्हणजे फिरून गोष्ट पायावरच आली."



मिस्त्री इंजिनावर वाकलेलाच राहिला. इंजिन उचललं की अॅक्सिलरेटरची केबल ताणली जात होती. त्यामुळे जोर वाढे, इंजिन आणखी उचले, मग खाली बसे आणि जोर तुटे. केबलला थोडी ढील असती, तर फाटक्या रबरावरही गाडी निभावून गेली असती. पण ढील नव्हती. तुटक्या क्लिपच्या जागी तारेचे तीन वेढे घालून केबल घट्ट बांधलेली होती, आणि तारेचं टोक आत मुडपलेलं होतं. तसं टोक तोच मुडपत असे. दीड महिन्यापूर्वी मामा म्हणाले होते, गाडी जरा सुस्त झालीय. चहा संपेपर्यंत त्याने ती तार आवळली होती आणि विसरून गेला होता.

पक्कड हातातच होती. तार कापून खिशात टाकली असती, तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. नवं रबर बसलं असतं, हिसके थांबले असते आणि सोमवारी नवा ड्रायव्हर आला असता.

"रबर म्हातारपणानं गेलंय, बाई," तो म्हणाला. "ते कुणाच्याही पायाखाली जातं. हिसके या तारेमुळे आहेत. आणि तार मी बांधलीय."

"आणि दोनदा पाय म्हणालात."

"म्हणालो."

"छान! चोर सोडून संन्याशाला सुळी. आणि सुळाला तेल लावून मी तयार!" बाईंनी तिथूनच नव्या माणसाला फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं.

दुपारपर्यंत रबर बदलून झालं. केबलला नवी क्लिप बसली, ढील ठेवली गेली. बाईंनी किल्ली पुढे केली. मामांनी ती घेतली, पण ते गाडीत बसले नाहीत.

"दुकानात चौघं आहेत," ते मिस्त्रीला म्हणाले. "महिनाभर काच भरताना विचारतात, मामा, आज किती फोडणार? आत्ता जे बोललात ते तिथे येऊन बोला."

"फोनवर सांगतो की."

"फोनवर तोंड दिसत नाही."

मिस्त्रीने बाईंकडे पाहिलं. त्या मधे सरकून बसल्या होत्या आणि खिडकीकडची जागा मोकळी होती. त्याने हात पुसले, गॅरेजचं शटर अर्ध्यावर ओढलं आणि गाडीत चढला.